‘एंडस्ट्रीम’मधला गळलेला ‘म’

पीडीएफ फाईलच्या पोटात मजकूर, चित्रं, फॉन्ट असा सगळा ऐवज गाठोडी बांधून ठेवलेला असतो. अशा गाठोड्याला ‘स्ट्रीम’ म्हणतात. गाठोड्यावर एक चिठ्ठी असते, आत किती बाइट आहेत ते सांगणारी. त्याखाली ‘स्ट्रीम’ हा शब्द, मग माल, आणि माल संपला की ‘एंडस्ट्रीम’. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने चिठ्ठीवरचा आकडा बघायचा, तेवढे बाइट मोजून उचलायचे, पुढे ‘एंडस्ट्रीम’ आहे ना याची खात्री करायची आणि पुढच्या गाठोड्याकडे वळायचं.

पण चिठ्ठी खोटी निघते. फाईल बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा हिशेब चुकतो, किंवा नंतर कुणीतरी फाईलमध्ये हात घालतं आणि आकडा बदलायचा राहून जातो. म्हणून शहाणा प्रोग्रॅम चिठ्ठीवर विसंबत नाही. मोजलेल्या जागी ‘एंडस्ट्रीम’ दिसला नाही, तर तो गाठोड्याच्या सुरुवातीपासून बाइटमागून बाइट चाळत तो शब्द हुडकतो. इथपर्यंत ठीक.

मग एक फाईल अशी आली की तिच्यात चिठ्ठी तर खोटी होतीच, वर ‘एंडस्ट्रीम’चा शेवटचा ‘म’ही गळलेला. ‘एंडस्ट्री’ एवढंच. शोधणारा शोधत राहिला, शब्द सापडला नाही, पान उमटलं नाही.

यावर दुरुस्ती झाली ती पीडीएफ डॉट जेएस या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये. पूर्ण शब्द सापडला नाही, तर शेवटचं एक अक्षर कमी करून पुन्हा शोधायचं. एकच अक्षर; किती अक्षरांपर्यंत सूट द्यायची त्याची मर्यादाच तिथे १ अशी लिहून ठेवली होती. आणि तसा तुटका शब्द सापडला, तरी त्याच्या लगेच पुढे मोकळी जागा आहे ना हे तपासायचं, नाहीतर मालातल्याच एखाद्या अक्षरपुंजाला आपण शेवट समजून बसू. बाजूला टिपणीत तक्रारीचा क्रमांक. जगात कुठेतरी कुणाचीतरी एक फाईल उघडेना, म्हणून या ओळी लिहिल्या गेल्या. या प्रकरणात मला अशाच ओळींबद्दल सांगायचं आहे: फार छोट्या, दिसायला विचित्र, आणि झाडलोट करताना सगळ्यात आधी केरात जाण्याचा धोका असलेल्या.

पीडीएफ डॉट जेएस हे नाव ठाऊक नसलं तरी त्याच्याशी तुमची गाठ पडलेली असण्याची शक्यता दांडगी आहे. फायरफॉक्समध्ये पीडीएफवर क्लिक केलं की पान उमटवतो तो हा. शिवाय त्याचा परवाना खुला, अपाची पद्धतीचा असल्याने इतरांनीही तो उचलून आपापल्या ठिकाणी बसवला आहे. ओव्हरलीफ या संकेतस्थळावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला उजव्या हाताला जी तयार पानं दिसतात, तीही यानेच काढलेली.

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. कल्पना होती कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन वॉर्नॉक यांची: कागद कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही छापखान्यात सारखाच दिसला पाहिजे. पुढे २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि त्या मानकाचा ग्रंथ साडेसातशे पानांच्या वर गेला. तेव्हा ब्राउझरमध्ये पीडीएफ बघायची तर वेगळं प्लगइन टाकावं लागे. ते ब्राउझरच्या हद्दीबाहेर, थेट यंत्रावर चाले, आणि त्यातल्या भोकांतून चोर आत शिरत. २०११ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलातल्या आंद्रेआस गाल आणि ख्रिस जोन्स यांनी उलटा प्रश्न विचारला: वेबपान काढायला ब्राउझरकडे जी हत्यारं आहेत, म्हणजे जावास्क्रिप्ट ही भाषा आणि कॅनव्हास हा चित्र काढायचा फलक, त्यांनीच पीडीएफ काढता येईल का? मग ती वेबपानाच्या कुंपणातच राहील. पहिलं लक्ष्य त्यांनी बेताचं ठेवलं. गाल यांचा स्वतःचाच, २००९ सालचा चौदा पानी शोधनिबंध ट्रेसमंकी नावाच्या जावास्क्रिप्ट इंजिनावर होता. तो एक निबंध अचूक दिसला पाहिजे, बस्स. तो निबंध अजूनही प्रकल्पाच्या नमुना पानावर आपसूक उघडतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये फायरफॉक्सच्या १९व्या आवृत्तीत हा प्रोग्रॅम मुळातच बसवला गेला, आणि चौदा पानांच्या नीटनेटक्या निबंधाऐवजी त्याच्यापुढे जगातले सगळे फाटके कागद येऊन पडले.

फाटके म्हणजे कसे, ते जरा जवळून बघू.

पीडीएफ शेवटाकडून वाचायला घेतात. शेवटच्या ओळींत एक आकडा असतो: सूची फाईलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे तो. त्या सूचीत प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ, आणि ओळ बरोबर वीस बाइटची. दहा अंकी पत्ता, एक मोकळी जागा, पाच अंकी आवृत्ती, पुन्हा मोकळी जागा, वस्तू वापरात आहे की जागा रिकामी आहे ते सांगणारं एक अक्षर, आणि ओळ संपल्याच्या खुणेचे दोन बाइट. सगळा कारभार मोजणीवर. त्यामुळे कुणी ही फाईल साध्या एडिटरमध्ये उघडून नुसती सेव्ह केली, आणि एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक एक बाइट वाढवून दिला, की सगळे पत्ते चुकले. शहरातल्या सगळ्या घरांचे क्रमांक एका रात्रीत बदलले आणि पोस्टमनच्या हातात जुनीच यादी राहिली, तशी गत.

फाईलची पहिली ओळ ‘मी पीडीएफ आहे’ असं सांगते. ती अगदी आरंभीच असायला हवी. पण काही फायलींच्या डोक्यावर कुठलातरी कचरा चिकटलेला असतो. एखाद्या सर्व्हरने आपली दोन वाक्यं आधी खरडलेली असतात. मग पत्ते कुठून मोजायचे? पीडीएफ डॉट जेएस पहिल्या १०२४ बाइटमध्ये ती ओळ शोधतो, आणि जिथे सापडेल तिथून शून्य धरतो.

आणि शून्यावरून आठवलं. सूचीतली पहिली वस्तू शून्य क्रमांकाची आणि ती कायम रिकामी, असा नियम आहे. संगणकाची माणसं शून्यापासून मोजतात. पण फाईल बनवणारे काही प्रोग्रॅम इथे बाकीच्या जगासारखे एकपासून मोजतात: सूची १ पासून सुरू होते असं लिहितात, आणि पहिली ओळ मात्र रिकाम्या वस्तूचीच ठेवतात. मग प्रत्येक वस्तूचा क्रमांक एकाने पुढे सरकतो. पानाचा मजकूर मागावा तर हाती फॉन्ट येतो, फॉन्ट मागावा तर चित्र. यावरचा इलाज एका अटीचा आहे: पहिलीच ओळ रिकामी असेल आणि सूची १ पासून सुरू होते असा दावा असेल, तर त्या १ चा शून्य करून टाक. टिपणीत दोन वेगवेगळ्या तक्रारींचे क्रमांक, ३२४८ आणि ७२२९. क्रमांकांतलं अंतर बघा. म्हणजे हा एकाच गबाळ्या प्रोग्रॅमचा दोष नसावा. एकपासून मोजायची सवय माणसाला जन्माचीच.

हे सगळं करूनही सूची लागलीच नाही, तर शेवटचा उपाय म्हणून सूची फेकून द्यायची, अख्खी फाईल पहिल्या बाइटपासून चाळायची, आणि ‘इथे अमुक क्रमांकाची वस्तू सुरू होते’ असं म्हणणाऱ्या जागा टिपत स्वतःची नवी सूची बनवायची. वेळ लागतो, पण कागद उघडतो.

आता कुणी म्हणेल, चूक फाईल बनवणाऱ्याची, शिक्षा वाचणाऱ्याला का? तत्त्वाने बरोबर आहे. पण तक्रार करणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य असतं, ज्यापुढे सगळी तत्त्वं गार पडतात: ‘दुसऱ्या रीडरमध्ये तर उघडतेय.’ कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख उद्या आहे, त्या पोराला मानकाच्या साडेसातशे पानांशी काय देणंघेणं? म्हणून काही ठिकाणी नियम असा होतो की अडोबीचा रीडर जे करतो ते करा. संख्येआधी एकाऐवजी दोन वजा चिन्हं आली तर? शाळेत दोन वजा मिळून अधिक होतात. इथे अडोबी दुसऱ्या वजाकडे काणाडोळा करतो, म्हणून पीडीएफ डॉट जेएसही करतो. संख्येच्या मधोमध वजा चिन्ह आलं तर? तेही गिळायचं, आणि एक इशारा नोंदवायचा. गणिताच्या मास्तरांना घेरी येईल असा हा कारभार आहे, पण लोकांचे कागद उघडतात.

एवढी प्रस्तावना केली ती साफसफाईकडे येण्यासाठी.

दहा-बारा वर्षं चाललेल्या कुठल्याही कोडवर थर चढतात. २०११ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये चलाला नाव द्यायचं तर ‘व्हार’ हा एकच शब्द होता. २०१५ मध्ये भाषेला ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ मिळाले. फरक असा: ‘व्हार’ने ठेवलेलं नाव अख्ख्या वाड्याला ठाऊक असतं, ‘लेट’ने ठेवलेलं फक्त त्या खोलीत. नवीन पद्धत सुरक्षित, कारण एका खोलीतला ‘बंडू’ दुसऱ्या खोलीतल्या ‘बंडू’च्या ताटात जेवायला बसत नाही. पीडीएफ डॉट जेएसमध्ये ‘व्हार’ खच्चून भरलेले होते. ते टप्प्याटप्प्याने, एकेक फाईल घेत काढले गेले.

ऐकायला हे नुसतं शब्द बदलण्याचं काम वाटतं. पण समजा, एका लूपमध्ये ‘व्हार’ने एक मोजणी ठेवली आहे, आणि लूप संपल्यावर चार ओळी खाली कुणीतरी त्याच मोजणीचा शेवटचा आकडा वापरला आहे. ‘व्हार’चं ‘लेट’ केलं की ते नाव लूपच्या बाहेर उरतच नाही. प्रोग्रॅम तिथे बोंब मारतो, ते बरं. बाहेर त्याच नावाचं दुसरं चल आधीच असेल तर तो बोंबसुद्धा मारत नाही, गुपचूप चुकीचा आकडा उचलतो, आणि तीन महिन्यांनी कुणाच्यातरी बिलातला एक स्तंभ अर्धा इंच उजवीकडे सरकलेला दिसतो. म्हणून शब्द बदलून देणारं हत्यार, इएसलिंट, सोप्या जागा स्वतः बदलतं आणि अशा अडचणीच्या जागा माणसासाठी सोडून देतं.

मला या प्रकल्पातली एक रीत फार आवडते. असा मोठा बदल पाठवताना त्याच्या नोंदीत लिहिलेलं असतं: बहुतेक बदल हत्याराने आपोआप केलेत, हाताने केलेले बदल एवढेच. आणि ते हाताने केलेले दहा-वीस ओळींचे बदल त्या नोंदीतच वेगळे काढून दाखवलेले. तपासणाऱ्याने हजार ओळी डोळे फुटेस्तोवर बघायच्या नाहीत. जिथे माणसाचा हात लागला तिथेच नजर रोखायची. नुसत्या मोकळ्या जागा सरकल्या असतील तर त्या लपवून बघायची सोयही असते. वाण्याकडून आलेल्या यादीत आईने हाताने लिहिलेल्या ओळी तेवढ्या आधी वाचाव्यात, तसं.

दुसरी रीत म्हणजे दुरुस्ती आणि सफाई एका गाठोड्यात बांधायची नाही. बग काढताना शेजारची ओळ कुरूप दिसते, हात शिवशिवतात, आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून माणूस ती सरळ करतो. सहा महिन्यांनी काहीतरी बिघडतं. कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधायला बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये मधल्या बदलांचे अर्धे-अर्धे भाग करत चाचपत जातात. बोट येऊन थांबतं त्या बदलात एक दुरुस्ती आणि चाळीस ओळींची सफाई मिसळलेली असते. आता बिघाड कशाने झाला? मी स्वतः हे केलेलं आहे, एकदा नाही, आणि दर वेळी शनिवार गेला आहे.

पण रीती कितीही चांगल्या असल्या, तरी मुख्य आधार वेगळाच. प्रकल्पात चाचणीच्या पीडीएफ फायलींचं एक फोल्डर आहे. त्यातल्या पुष्कळ फायलींची नावं म्हणजे नुसते तक्रारींचे क्रमांक. चाचणी चालते ती अशी: बदल करण्याआधीच्या कोडने या फायलींची पानं काढून त्यांची चित्रं जपून ठेवायची, मग नव्या कोडने तीच पानं काढायची, आणि दोन्ही चित्रं ठिपक्याला ठिपका लावून ताडून बघायची. एक ठिपका हलला तरी यंत्र सांगतं. तो ठिपका बिघाडाने हलला की सुधारणेने, हे मात्र यंत्राला कळत नाही. तिथे माणूस बसतो, दोन्ही चित्रं आलटून पालटून बघतो आणि कौल देतो. हे फोल्डर नसतं तर सफाईला हात घालायची कुणाची छाती झाली नसती.

छोट्या तपासणीची किंमत किती असते, त्याचा एक दाखला २०२४ सालचा आहे. फॉन्टमध्ये सहा आकड्यांचं एक कोष्टक असतं. अक्षराचा आराखडा पानावर किती लहान करून बसवायचा ते त्यावरून ठरतं. बहुतेक फॉन्टांत पहिला आणि चौथा आकडा ०.००१, बाकी शून्य. पीडीएफ डॉट जेएस वेग मिळवण्यासाठी प्रत्येक अक्षराच्या रेखाटनाचा छोटा जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम जागच्या जागी मजकूर म्हणून लिहायचा आणि मग तो चालवायचा. हे सहा आकडे स्वल्पविराम देऊन त्या मजकुरात जोडले जात. आकडेच ते, त्यांत काय वाईट असणार? पण हे कोष्टक पीडीएफमधूनही देता येत होतं, आणि ‘हा खरंच आकडा आहे का’ असं तिथे कुणी विचारत नव्हतं. आकड्याच्या जागी कुणी कोडचा तुकडा ठेवला, तर तोही त्या मजकुरात जोडला जाऊन चालायचा. म्हणजे पीडीएफ उघडली की तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम चालला. कोडिअन लॅब्ज या डच सुरक्षा कंपनीला हे सापडलं, सीव्हीई-२०२४-४३६७ असा त्याला क्रमांक मिळाला, आणि पीडीएफ डॉट जेएसच्या ४.२.६७ या आवृत्तीत व मे २०२४ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १२६ मध्ये ते भोक बुजलं. ज्यांनी हा प्रोग्रॅम उचलून आपल्या संकेतस्थळावर बसवला होता, त्यांना मात्र स्वतः उठून नवीन आवृत्ती आणावी लागली. आता त्या कोडमध्ये अक्षरांसाठी असा प्रोग्रॅम लिहून चालवण्याची भानगडच ठेवलेली नाही.

मघाशी ठिपक्यांचा विषय निघालाच आहे, तर माझी एक लाडकी दुरुस्ती सांगून टाकतो. ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर. ब्राउझरच्या हिशेबात एका इंचात ९६ पिक्सेल, म्हणजे पान ७९३.७ पिक्सेल रुंद. लॅपटॉपचा पडदा १२५ टक्क्यांवर ठेवलेला असेल तर खरे ठिपके सव्वापट लागतात: ९९२.१३. पण ठिपक्याचा अंश नसतो. ९९२ ठिपक्यांचं चित्र काढून ते ७९३.७ च्या जागेत बसवायला गेलं, की ब्राउझर त्याला किंचित ताणतो किंवा चेपतो, आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. चष्म्याचा नंबर वाढला की काय अशी शंका यावी इतपतच.

इलाज असा: सव्वा म्हणजे ५/४. पानाची रुंदी ४ ने भाग जाणाऱ्या आकड्यावर खाली आणायची, ७९२. ठिपके ५ ने भाग जाणाऱ्या आकड्यावर, ९९०. आता ७९२ ची सव्वापट बरोबर ९९०, ना ताण ना चेप. पानाच्या कडेचा दीड-दोन पिक्सेलचा पांढरा काठ गेला, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. पण १.२५ म्हणजे ५/४ हे यंत्राने ओळखायचं कसं? त्यासाठी कोडमध्ये फॅरी श्रेणी वापरली आहे. छेद आठपर्यंत असलेले अपूर्णांक चढत्या क्रमाने, आणि त्यांतून सगळ्यात जवळचा निवडायचा. जॉन फॅरी हा इंग्लंडमधला भूगर्भशास्त्रज्ञ. अपूर्णांकांची ही गंमत त्याने १८१६ साली एका पत्रात लिहून कळवली. सिद्धता त्याला देता आली नाही, ती फ्रेंच गणिती कोशीने दिली. दगडमातीच्या माणसाचं नाव आज अक्षरांच्या कडा धारदार करण्याच्या कामी आलं आहे.

कॅनव्हासवर काढलेलं पान म्हणजे शेवटी चित्रच. त्यातलं वाक्य माऊसने निवडता येणार नाही. म्हणून चित्रावर पारदर्शक अक्षरांची एक काच ठेवलेली असते. दिसतं ते खालचं चित्र, निवडतो ते वरचं अदृश्य अक्षर. काचेवरचे शब्द खालच्या चित्राइतकेच रुंद यावेत म्हणून प्रत्येक तुकडा आडवा ताणून किंवा चेपून बसवतात. यात एक चीड आणणारा बग होता. तुम्ही दोन ओळी निवडत खाली येताय, माऊस ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत शिरला, आणि पटकन पानाचं शेवटपर्यंत सगळंच निळं झालं. काचेवर रिकाम्या जागेत काहीच नसल्याने ब्राउझर गोंधळायचा. त्यावर तोड काढली ती एका न दिसणाऱ्या, रिकाम्या चौकटीची. निवड चालू झाली की ती चौकट निवडीच्या टोकाशी येऊन रिकामी जागा व्यापते, आणि माऊसला धरायला काहीतरी मिळतं. काहीच न दाखवणारी ही चौकट कोडमध्ये पहिल्यांदा बघणाऱ्याला अडगळच वाटेल.

या काचेपाशी आपण मराठी माणसं येतो.

देवनागरीत ‘क’, हलन्त आणि ‘ष’ एकत्र आले की ब्राउझर स्वतःच जोडून ‘क्ष’ काढतो. वेबपानासाठी हे उत्तम. पण पीडीएफमध्ये जोडणी आधीच झालेली असते; फाईल सांगते, फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा आकार अमुक जागी काढ. तिथे ब्राउझरने पुन्हा शहाणपणा केला तर आकार बिघडतात. म्हणून या प्रोग्रॅममध्ये पूर्वी त्रासदायक लिप्यांची एक यादीच होती. अरबी, देवनागरी आणि आसपासच्या लिप्या तिच्या पट्ट्यात येत. त्या पट्ट्यांतली अक्षरं युनिकोडमधल्या खासगी वापराच्या कोऱ्या मुलखात हलवायची, म्हणजे ब्राउझरला ती कुठल्या लिपीची ते कळत नाही आणि तो हात लावत नाही. यादीत भर पडत गेली. शेवटी सफाई झाली ती अशी की यादी काढूनच टाकली: सगळ्याच फॉन्टांची सगळी अक्षरं सरसकट त्या कोऱ्या मुलखात. अपवादांची यादी गेली, एक नियम आला, आणि कोड आखूड झाला. मला विचाराल तर खरी झाडलोट ती ही.

शोधण्याच्या बाबतीत मात्र यादी आजही आहे. युरोपातला माणूस अक्षरावरची छोटी स्वरचिन्हं न टाइप करता शब्द शोधतो, आणि तो सापडावा अशी त्याची अपेक्षा असते. म्हणून शोधताना अशी चिन्हं दुर्लक्षित करायची सोय केली आहे. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपला हलन्तही अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांतच मोडतो. तोही दुर्लक्षित केला तर ‘भक्त’ शोधणाऱ्याला ‘भकत’ आणि ‘भक्त’ एकच. म्हणून कोडमध्ये अपवादांचा एक संच आहे, ज्यांना वगळायचं नाही अशा चिन्हांचा. त्यात जपानी चिन्हांच्या पाठोपाठ देवनागरीचा हलन्त बसला आहे, आणि त्याच्या मागे बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम असे त्याचे सगळे भाऊबंद रांगेत. प्रत्येकाच्या वाट्याला सोळा-अंकी पद्धतीचा आकडा. पहिल्यांदा ती रांग बघितली तेव्हा मी उगाचच खूश झालो होतो.

सगळंच मात्र इथे दुरुस्त होत नाही. मागे एका कार्यालयाची दोनशे पानी मराठी यादी उघडली आणि तिच्यात काकांचं आडनाव शोधलं. शून्य. पानं उलटत गेलो तर नाव ठळक समोर. त्या ओळीची नक्कल करून दुसरीकडे चिकटवली, तर रोमन अक्षरांचा कोंडा पडला. यादी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती. कृतिदेवसारख्या फॉन्टात ‘कि’ म्हणजे प्रत्यक्षात रोमन ‘एफ’ आणि ‘डी’ ही दोन अक्षरं; फॉन्टने त्यांना नुसता ‘ि’ आणि ‘क’ असा पोशाख चढवलेला. व्ह्यूअर बिचारा काचेवर एफ-डी ठेवतो, कारण फाईलमध्ये तेच आहे. युनिकोडमधल्या फायलींचंही पूर्ण सुख नाही: पानावर वेलांटी ‘क’च्या आधी काढायची असते, म्हणून पुष्कळ फायलींत तिचा आकार आधी येतो, आणि नक्कल केली की वेलांटी पुढे धावते आणि ‘क’ मागे राहतो. ‘किल्ला’ शोधावा तर फाईलमध्ये किल्ला त्या क्रमाने नसतोच.

काकांनी विचारलं, ‘मग आता?’ मी म्हटलं, बाकीचं डोळ्यांनीच शोधू. त्यांनी चष्मा पुसला, आणि आम्ही एकशे बाराव्या पानापासून पुढे लागलो.